बॉलस्क्रू लावूनही एक्समध्ये ०.१८ मिमीचा बॅकलॅश: शोधायचा कुठे?

वर्कबेंच

मंडळी, जरा डोकं लावा.

मशीन छोटं, बिडाचं, डव्हटेल स्लाईडचं. मुळात हाताने फिरवायचं मिलिंग होतं, ते सीएनसी करून घेतलं आहे. एक्स आणि वायला १६०५ चे बॉलस्क्रू (१६ मिमी व्यास, ५ मिमी लीड, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिमी चाल), एका टोकाला बीके१२, दुसऱ्या टोकाला बीएफ१२ (स्क्रू धरणारे बेअरिंग ब्लॉक), मोटारी नेमा २३ स्टेपर, कंट्रोल लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअर. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकवर वर्षभर मजेत चाललं. आता अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये ६२०२ बेअरिंगची सीट (३५ मिमीचं भोक) काढायला घेतली आणि रडगाणं सुरू झालं.

प्रोग्रॅममध्ये भोक ३५.०० चं. मोजलं तर वायच्या दिशेने ३४.९५ आणि एक्सच्या दिशेने ३४.८२. घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगायचं तर तीन आणि नऊच्या जागी भोकाची भिंत थोडी चपटी आहे. नख फिरवलं तरी कळतं. बारा आणि सहाला तेच आहे, पण अगदी किंचित.

बॉलस्क्रूला बॅकलॅश (दिशा उलटल्यावर वाया जाणारी ढिली चाल) नसतो असं ऐकून एवढा खर्च केला होता. विक्रेता म्हणतो सी७ ग्रेड आहे, सी५ घ्या म्हणजे प्रश्न मिटेल. सी५ ची किंमत ऐकून घरच्यांना सांगायची हिंमत झाली नाही. घेण्याआधी इथे विचारतोय.

कोडवाला

लिनक्ससीएनसीची आयएनआय (सेटिंगची) फाईल उघडा, जॉइंटच्या सेक्शनमध्ये बॅकलॅश ०.१८ लिहा म्हणजे सॉफ्टवेअर तेवढी भरपाई करेल, सेव्ह करा, चहा प्या. एवढ्यासाठी बॉलस्क्रू बदलायला निघालात?

सूतभर

कोडवाले, थांबा हो. पेशंट तपासायच्या आधीच गोळी देताय.

वर्कबेंच, दोन गोष्टी सांगा.

एक, भोकाऐवजी बाहेरून गोल काढा, म्हणजे ३५ चा उभा बॉस, आणि तो मोजा. भोकही लहान आणि बॉसही लहान आला तर तो बॅकलॅश. भोक लहान पण बॉस मोठा आला तर कटरचा व्यास तुम्ही टाकलाय त्यापेक्षा कमी आहे किंवा कटर वाकतोय. त्यात स्क्रूचा काही दोष नाही.

दोन, १० मिमी आणि १०० मिमी अशा दोन चाली डायलवर (डायल गेजवर) किंवा चांगल्या व्हर्नियरवर तपासा. दिशा उलटल्यावर दोन्हीत सारखीच चूक येत असेल तर बॅकलॅश. अंतराबरोबर चूक वाढत असेल तर स्टेप्स पर मिमीचा आकडा किंवा स्क्रूची लीड. आणि शून्यावर परत आल्यावर शून्य सापडतच नसेल, दर फेरीला सरकत असेल, तर स्टेप्स हरवताहेत.

या तीन रोगांना लोक सरसकट बॅकलॅश म्हणतात आणि मग नट बदलत बसतात.

शिरोलीकर

सूतभर यांच्याशी सहमत. सी५-सी७ चं आधी मिटवून टाकू, कारण त्यात पैसे जातात.

तो ग्रेड लीडच्या अचूकतेचा आहे. सी७ म्हणजे ३०० मिमी लांबीत साधारण ०.०५ मिमीपर्यंत चूक चालते, सी५ मध्ये ती ०.०१८. नट स्क्रूवर किती ढिला बसतो याचा त्या आकड्याशी थेट संबंध नाही. ढिलाई ठरते प्रीलोडवर, म्हणजे आतले बॉल किती कसून बसवलेत त्यावर. प्रीलोड नसलेला सी५ नट सी७ सारखाच खुळखुळेल. विक्रेत्याला हे माहीत नसेल असं नाही.

दुसरं, स्वस्तातल्या १६०५ च्या एकेरी नटमध्ये ०.०३ ते ०.०५ चा प्ले (ढिलाई) मी पाहिलाय. ०.१८ नाही पाहिला. नट एवढा ढिला असता तर टेबल हाताने हलवल्यावर टकटक आवाज आला असता. उरलेला प्ले दुसरीकडे कुठेतरी लपलाय.

मोटारपासून कटरपर्यंत साखळी अशी: मोटारचा शाफ्ट, कपलिंग, स्क्रूचं टोक, बीके ब्लॉकमधली बेअरिंग, खुद्द ब्लॉक ज्या प्लेटवर बसलाय ती प्लेट, स्क्रू, नट, नटाचा ब्रॅकेट, ब्रॅकेटचे बोल्ट, टेबल, गिब (स्लाईडमधली ढिलाई काढायची पट्टी). प्रत्येक सांध्यावर डायल लावून तो सांधा किती खातो ते लिहून काढा. सगळ्यांची बेरीज ०.१८ च्या आसपास यायला हवी. नाही आली तर एक सांधा राहिलाय.

कामाची पद्धत सांगतो. मॅग्नेटिक स्टँड मशीनच्या बेडवर लावा, कॉलमवर नको. डायल टेबलच्या कडेला टेकवा. एक्स एकाच दिशेने दीड-दोन मिमी चालवा म्हणजे सगळा प्ले एका बाजूला गोळा होईल. डायल शून्य करा. आता उलट दिशेला ०.०१ च्या पावलांनी जॉग करा (बटण दाबून थोडं थोडं चालवा) आणि काटा हलेपर्यंतची पावलं मोजा. टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना, तिन्ही जागी करा. तिन्ही आकडे सारखे असतील तर दोष टोकाला, म्हणजे बेअरिंग, कपलिंग नाहीतर ब्रॅकेटला. फक्त मध्यात जास्त असेल तर स्क्रू झिजलाय.

मग मोटार चालू ठेवूनच, म्हणजे होल्डिंग टॉर्कवर, टेबल हाताने दोन्हीकडे ढकला. चार-पाच किलोचा जोर पुरे, पैलवानकी नको.

वर्कबेंच

केलं. बॉस एक्सच्या दिशेने ३४.८३, वायच्या दिशेने ३४.९४. म्हणजे दोन्ही लहान. १० आणि १०० च्या चालीत सारखीच चूक. शून्य जागेवर. जॉग करून डायलवर एक्समध्ये ०.१८, मध्यात आणि टोकांना जवळपास तेवढंच. वायमध्ये ०.०५.

हाताने ढकललं तर एक्समध्ये ०.१५ हलतं.

शिरोलीकर

झकास. मग रोग एक्सच्या टोकाला आहे असं धरून चालू.

आता डायल टेबलावरून काढा आणि स्क्रूच्या मोकळ्या टोकावर लावा, बीएफच्या बाजूला. टोकाला सेंटर ड्रिलचा खड्डा असेलच. त्यात थोडं ग्रीस लावून एक छोटा स्टीलचा बॉल चिकटवा आणि डायलचं सपाट टोक त्या बॉलवर टेकवा. बॉल नसेल तर टोक वाकडं फिरतंय का स्क्रू मागेपुढे होतोय ते कळत नाही. आता परत टेबल ढकला-ओढा. काटा हलला म्हणजे आख्खा स्क्रू लांबीत सरकतोय. स्क्रूने लांबीत एक शतांशसुद्धा सरकायचं काम नाही, त्याने फक्त फिरायचं.

मग डायलचं बूड नटावर आणि टोक टेबलावर, म्हणजे ब्रॅकेट कळेल.

कपलिंगला मार्करने एक सरळ रेघ मारा, मोटार शाफ्ट ते कपलिंग ते स्क्रू. एखादं मोठं काम झाल्यावर रेघ तुटली असेल तर कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) घसरतोय.

मिलिमीटर

कपलिंगचा हिशोब जोडतो. ५ च्या लीडवर १ अंश म्हणजे ५ भागिले ३६०, साधारण ०.०१४ मिमी. कपलिंगमध्ये २ अंशाची ढिलाई असेल तर ०.०२८ तिथेच गेले. ते अ‍ॅल्युमिनियमचं, नागमोडी खाचा पाडलेलं कपलिंग असेल तर ते लांबीतही स्प्रिंगसारखं दबतं. थ्रस्ट बेअरिंगचा भार त्याच्यावर पडला की संपलं.

अर्धा_थाऊ

ज्यांच्याकडे डायल नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. टोकदार एन्ग्रेव्हिंग कटर लावा, अ‍ॅक्रिलिकचा किंवा रंग दिलेला तुकडा बांधा.

वरच्या ओळीत शून्यापासून उजवीकडे १.०० मिमीच्या अंतराने बारा-पंधरा बारीक उभ्या रेघा मारा. प्रत्येक रेघेला जाताना डावीकडून यायचं, म्हणजे आधी २ मिमी डावीकडे जाऊन मग जागेवर. खालच्या ओळीत त्याच शून्यापासून ०.९८ च्या अंतराने रेघा, पण प्रत्येक वेळी उजवीकडून यायचं. आता भिंगाने बघा. बॅकलॅश नसेल तर शून्याची वरची आणि खालची रेघ एकमेकींना मिळतील. सातवी सातवीला मिळाली तर ७ गुणिले ०.०२, म्हणजे ०.१४. व्हर्नियरचंच तत्त्व. कटिंगचा जोर जवळपास नसतो, त्यामुळे शुद्ध प्ले कळतो.

डायल असला तरी एकदा करून बघा. तुकडा मशीनला लटकवून ठेवायचा, सहा महिन्यांनी परत काढून शेजारी धरायचा.

नवशिक्या_३०१८

अर्धा_थाऊ, जबरी. माझं ३०१८ (छोटं, टेबलावर ठेवायचं सीएनसी) आहे, त्यावर केलं. अकरावी रेघ जुळली. म्हणजे ०.२२? टी८ चा स्क्रू, पितळेचा दोन तुकड्यांचा नट, मध्ये स्प्रिंग. त्याला तर अँटी-बॅकलॅश नट म्हणून विकतात. जीआरबीएलमध्ये (त्याच्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये) बॅकलॅशचं कॉम्पेन्सेशन कुठे टाकायचं?

सूतभर

मूळ जीआरबीएल १.१ मध्ये ती सोयच नाही. ग्रबलहॅलमध्ये आहे, थ्रीडी प्रिंटरच्या मार्लिनला एम४२५ आहे.

आणि आधी $१ या सेटिंगचा आकडा बघ. २५५ नसेल तर चाल संपली की मोटार ढिली सोडली जाते आणि तेवढ्यात टेबल थोडं सरकू शकतं. ते बॅकलॅशमध्ये मोजू नकोस. तुझ्या नटाबद्दल खाली लिहितो, आधी वर्कबेंच यांचं होऊ दे.

वर्कबेंच

हे घ्या आकडे.

स्क्रूचं टोक (ग्रीस-बॉलची आयडिया भारी): ०.११
नटाचा ब्रॅकेट आणि टेबल यांच्यात: ०.०३
कपलिंगची रेघ शाबूत.
बाकी नट आणि इतर: ०.०४ च्या आसपास.

०.११ बघून बीके१२ उघडला. आत बेअरिंग आहेत ६००१. दोन्ही साधे, डीप ग्रूव्ह, रबर सीलचे. लॉक नट हाताने फिरत होता.

ब्रॅकेटचं तर हसू आलं. चारपैकी दोन बोल्ट घट्टच होते, पण लांबीला जास्त. ब्लाइंड होलच्या (आरपार नसलेल्या भोकाच्या) तळाला टेकून बसलेले. पान्याला घट्ट लागायचे आणि ब्रॅकेटला धरतच नव्हते. दीड मिमी घासून कमी केले, आता तिथे डायल हलत नाही.

शिरोलीकर

सापडला चोर.

बीके१२ मध्ये ७००१ ची जोडी असायला हवी, अँग्युलर कॉन्टॅक्ट (लांबीतला भारही घेणारी). ६००१ आणि ७००१ चं माप एकच, १२-२८-८, त्यामुळे स्वस्त ब्लॉकमध्ये सर्रास ६००१ घुसवतात. बाहेरून काही कळत नाही.

डीप ग्रूव्ह बेअरिंगला आडवा क्लिअरन्स ठेवलेलाच असतो, या मापाला नॉर्मल वर्गात ३ ते १८ मायक्रॉन. लांबीतला प्ले त्याच्या आठ-दहा पट भरतो. म्हणजे १० मायक्रॉनच्या अगदी चांगल्या बेअरिंगलासुद्धा ०.०८ ते ०.१० चा प्ले. बेअरिंग खराब नाही, त्याचं ते कामच नाही. त्याला आडवा भार घ्यायला बनवलंय, तुम्ही लांबीतला देताय.

७००१ ची जोडी घ्या. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट, आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळेल. जोडी जुळवलेली मिळाली तर उत्तम, महाग असते. सुटी घेतली तरी घरच्या कामाला भागतं, फक्त बसवताना डोकं लावायला लागतं.

बाहेरच्या रिंगची एक कड जाड असते, एक पातळ. दोन्ही बेअरिंगच्या जाड कडा एकमेकींकडे तोंड करून बसवा. मग लॉक नट आवळला की आतल्या रिंगा एकमेकींकडे येतात आणि प्ले जातो. उलटं बसवलं तर लॉक नट आवळून काही होणार नाही, तिथे पुढच्या ढाकण्याने बाहेरच्या रिंगा दाबाव्या लागतात.

आता तीन जागी बघा.

लॉक नट खरंच रिंगेला दाबतोय का? बऱ्याचदा स्क्रूचं मशिनिंग केलेलं टोक जरा लांब असतं आणि नट खांद्यावर जाऊन थांबतो. मधला स्पेसर अर्धा मिमी जाड करून घ्या.

ढाकणं बेअरिंगला दाबतंय का ब्लॉकला? चारही स्क्रू आवळल्यावर ढाकणं आणि ब्लॉकमध्ये केसभर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर बेअरिंग आत मोकळं आहे. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. त्याची गोल चकती कापून बेअरिंग आणि ढाकण्यामध्ये टाका.

आणि आवळायचं किती? स्क्रू हाताने फिरवून बघायचा. गुळगुळीत, किंचित जड, पण अडखळत नाही, असा. खरखर लागली तर जास्त झालं, पाव फेरा मागे. लॉक नटाचा ग्रब स्क्रू आवळायच्या आधी खाली पितळेचा छोटा तुकडा टाका, नाहीतर आटे जातील.

वर्कबेंच

जोडी आणली, बसवली. माझ्या ब्लॉकमध्ये ढाकणं खरंच ब्लॉकला टेकत होतं. कॅनचे दोन तुकडे टाकावे लागले.

स्क्रूच्या टोकावर आता काटा थरथरतो, म्हणजे ०.०१ च्या आत. टेबलावर जॉग करून ०.०३५ धरा.

कोडवाला

अभिनंदन. आता तरी उरलेले ०.०३५ आयएनआयमध्ये टाकाल का, का त्यासाठीही बॉल बदलणार?

माझं म्हणणं कायम आहे. एवढं खोलण्यापेक्षा आधीच ०.१८ टाकले असते तर सीट गोल आली असती. नाहीतर क्लोज्ड लूप स्टेपर लावा, एन्कोडर सगळं सांभाळतो.

मिलिमीटर

क्लोज्ड लूप स्टेपरचा एन्कोडर मोटारच्या पाठीवर असतो. मोटार किती फिरली ते त्याला कळतं, टेबल किती हललं ते नाही. सगळा बॅकलॅश त्याच्या पुढे आहे, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. टेबलावर लिनिअर स्केल लावून लूप बंद केलं तर दिसेल, पण मग प्लेच्या त्या पट्ट्यात मोटार मागेपुढे शोधत बसते, गुरगुरते. मोठ्या मशीनवरसुद्धा स्केल लावतात ते यांत्रिक ढिलाई काढून झाल्यावर.

शिरोलीकर

कोडवाला, सॉफ्टवेअर वाईट नाही. ०.०३५ टाका, मीच सांगतो. पण ०.१८ टाकणं वेगळं.

कॉम्पेन्सेशन म्हणजे दिशा बदलताना मोटारला तेवढं जास्तीचं फिरवणं. ती उडी मारायला वेळ लागतो. उडी चालू असताना कटर त्याच जागी घासत असतो आणि पृष्ठभागावर खूण पडते. लिनक्ससीएनसीत स्टेपजेनचा कमाल प्रवेग अक्षाच्या प्रवेगापेक्षा दीडपट-दुप्पट ठेवावा लागतो, नाहीतर त्या उडीला जागाच नाही आणि फॉलोइंग एरर येतो, म्हणजे हुकूम केलेली जागा आणि गाठलेली जागा यांत फरक पडून मशीन थांबतं.

पण खरी अडचण कटरची. कॉम्पेन्सेशन असं धरून चालतं की टेबल घर्षणाने जागेवर बसलंय आणि स्क्रू ढकलेल तेव्हाच हलेल. डाऊन मिलिंगमध्ये, ज्याला क्लाइम्ब म्हणतात, कटर टेबलाला फीडच्याच दिशेने ओढतो. प्ले ०.१८ असेल तर दात लागला की टेबल ०.१८ पुढे उडी मारतं, पुढच्या दाताला जाडजूड चिप येते, आणि ३ मिमीचा एंडमिल असेल तर तो तुमच्या कपाळाकडे येतो. आकडा आयएनआयमध्ये असला-नसला काही फरक नाही, तिथे लोखंडच मोकळं आहे. जुन्या मिलिंग मशीनवर म्हणूनच अप मिलिंग (कटरचा जोर फीडच्या उलट) करायचे, आणि ज्यांना डाऊन करायचं असे त्या मशीनला नटाच्या जोडीचा बॅकलॅश एलिमिनेटर असायचा.

कोडवाला

कपाळाचा मुद्दा मान्य. माझं मशीन फक्त पीसीबी काढतं, तिथे कटरचा जोर नसल्यासारखाच, म्हणून मला आकड्यावर निभतं. ते लोखंडाला लागू नाही हे ठीक.

सूतभर

नवशिक्या, आता तुझं.

टी८ म्हणजे ८ मिमी व्यास, पिच २. लीड २, ४ किंवा ८, जेवढे आटे सुरू होतात त्याप्रमाणे. ३०१८ वर बहुतेक ४ असते, म्हणून स्टेप्स ८०० चा आकडा दिसेल. २०० स्टेपची मोटार गुणिले १६ मायक्रोस्टेप भागिले लीड ४.

स्प्रिंगच्या नटात एका दिशेचा भार पक्क्या नटावर जातो, दुसऱ्या दिशेचा स्प्रिंगवर. कटिंगचा जोर स्प्रिंगपेक्षा कमी तोवर प्ले शून्य. जास्त झाला की स्प्रिंग दबते आणि आतला सगळा प्ले एकदम बाहेर. म्हणून कागदावर रेघ छान आणि एमडीएफवर बोंब.

तुझी स्प्रिंग किती धरते ते मोजता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घे, टेबलाला अडकव, डायल लाव, हळूहळू ओढ. काटा सुरुवातीला जागेवर राहील आणि एका वजनाला टुणकन उडी मारेल. तेवढीच तुझ्या नटाची ताकद. पण तुझी रेघांची टेस्ट बिनजोराचीच होती आणि तिथेच ०.२२ आले, म्हणजे स्प्रिंग काही धरतच नाहीये. बहुधा दोन्ही नट स्प्रिंग न दाबता फिरवून बसवलेत. सुटा नट काढ, स्प्रिंग दाबून धर, दाबलेल्या अवस्थेतच एक-दोन आटे पुढून परत चढव. दोन्ही नटांच्या खाचा एकमेकांत बसल्या पाहिजेत.

फार आवळू नकोस. स्प्रिंग जेवढी कडक तेवढं घर्षण, आणि त्या छोट्या मोटारी वेगात स्टेप सोडतात.

नवशिक्या_३०१८

बरोबर, स्प्रिंग मोकळीच होती, बोटाने फिरत होती! आता दाबून बसवली. चौथी-पाचवी रेघ जुळते.

प्लास्टिकचा नट लावला तर?

अर्धा_थाऊ

पीओएम, म्हणजे अ‍ॅसिटल किंवा डेलरिन. घरी करता येतो, आणि टी८ ला तोच बरा.

डेलरिनचा चौकोनी तुकडा मधून उभा चिरायचा. स्क्रूचाच एक उरलेला तुकडा हीट गनने तापवायचा, दोन अर्ध्यांच्या मध्ये ठेवायचा, व्हाइसमध्ये हळूहळू आवळायचं. प्लास्टिक आट्यांत वाहतं. थंड झालं की दोन अर्धे धरून बोल्ट मारायचे आणि स्क्रू फिरवून बाहेर काढायचा. आटे स्क्रूच्या अंगाला घासून बसतात, प्ले उरतच नाही. पुढेमागे झिजला तर चिरेच्या जागी घासून परत आवळता येतो.

डेलरिन १७५ अंशांच्या आसपास वितळतं. त्याच्यावर फार तापवलं तर फॉर्मल्डिहाइडचा धूर येतो, डोळे झोंबतात, फुप्फुसाला वाईट. गच्चीत करा. बंद खोलीत, पंख्याखाली, शेजारी पोरं असं नको.

वर्कबेंच

एक विचित्र गोष्ट. टेबल थोडं डुलतंय असं वाटलं म्हणून एक्सचा गिब आवळला. डुलणं गेलं, पण जॉगवरचा आकडा ०.०३५ वरून ०.०५ झाला! आवळल्यावर बॅकलॅश वाढला? हाताने ढकललं तर मात्र कमी हलतंय.

मिलिमीटर

तो बॅकलॅश नाही, मोटारचं मागे राहणं आहे.

स्टेपरचा रोटर जेवढा टॉर्क देतो तेवढा तो हुकूम केलेल्या जागेपासून मागे पडतो. मोटारच्या ताकदीपैकी अर्धी घर्षणातच गेली तर रोटर एक-तृतीयांश फुल स्टेपने मागे. दिशा बदलली की दुसऱ्या बाजूला तेवढाच. जाता-येता मिळून दोन-तृतीयांश. २०० स्टेपची मोटार, ५ ची लीड, म्हणजे फुल स्टेप ०.०२५, त्याचे दोन-तृतीयांश ०.०१७. तुमचा वाढलेला आकडा जवळपास तेवढाच आहे.

मायक्रोस्टेप १६ केले, ३२ केले, तरी हे जात नाही. सुरुवातीची पावलं घर्षणात गिळली जातात.

शिरोलीकर

म्हणून गिब आवळायचा क्रम असतो. आधी मोटार सोडवून किंवा बंद करून टेबल हाताने पूर्ण पल्ला फिरवा. टोकांना जिथे सगळ्यात जड जातं तिथे गिब लावा, मध्यात थोडा ढिला राहील तो राहू दे. जुन्या मशीनच्या स्लाईड मध्यात झिजलेल्या असतात, मध्यात कसून लावलात तर टोकाला मोटार बसेल. मग डायल टेबलाच्या कोपऱ्यावर आडवा लावून डुलणं बघा. ०.०१-०.०२ डुललं तर सोडून द्या.

आणि तेल. डव्हटेलला स्लाईडवे तेल, ६८ नंबरचं. शिवणयंत्राचं तेल घालणारे महाभाग आहेत, ते पातळ असतं, दाबाखाली पिळून बाहेर येतं आणि टेबल धक्के देत चालतं.

वर्कबेंच

६८ चं तेल घातलं, गिब पाव फेरा मागे घेतला. जॉगवर ०.०४. आयएनआयमध्ये एक्सला ०.०३५, वायला ०.०४. नवीन प्लेटवर ३५ चं भोक काढलं: एक्स ३४.९८, वाय ३४.९९. चपट्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत.

आता बेअरिंग बसायला ३५.०० पाहिजे, तर कटरचा व्यास खोटा टाकून वाढवू का?

शिरोलीकर

वाढवा, चालतं. पण चार-सहा सीट काढायच्या असतील तर मिलिंगने ३४.८ वर थांबा आणि शेवटचा कट बोरिंग हेडने (स्पिंडलमध्ये लावायचं, एका पात्याने भोक मोठं करणारं हेड) घ्या. तिथे एक्स-वाय उभे असतात, बॅकलॅशचा प्रश्नच येत नाही, आणि गोलाई स्पिंडलवरून येते. हॉबी मशीनवर बेअरिंगची सीट काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच. फक्त हेडचा डायल फिरवताना कायम एकाच बाजूने या, त्याच्या स्क्रूलाही प्ले असतो.

नवशिक्या_३०१८

झेडचं कोणी बोललंच नाही. माझ्या झेडला काही प्ले जाणवत नाही, तरी एन्ग्रेव्हिंगची खोली मध्येच बदलते.

सूतभर

झेडला हेडचं वजन कायम खाली ओढतं, त्यामुळे नट एकाच बाजूला दबलेला राहतो आणि प्ले झाकला जातो. कटर खाली घुसताना माल त्याला वर ढकलतो. तो जोर हेडच्या वजनापेक्षा जास्त झाला की हेड प्लेइतकं उचललं जातं. ड्रिलिंगमध्ये भोक आरपार गेलं की तेच हेड धपकन खाली येतं आणि ड्रिल गुंतून तुटतं.

तुझ्या ३०१८ ला स्पिंडल मोटारच हलकी, म्हणून पटकन उचललं जातं. डायल लावून हेड खालून बोटाने उचलून बघ, कळेल.

वर्कबेंच

माझ्या झेडला गॅस स्ट्रट (गाडीच्या डिकीला असतो तसा गॅसचा दांडा) लावायचा विचार आहे, मोटारला वजन उचलायला जड जातं म्हणून. लावू ना?

सूतभर

लावा, पण वजनाच्या बरोबरीचा नको. बरोबरीचा लावला तर हेड नटाच्या प्लेमध्ये अधांतरी तरंगतं, ना वर टेकतं ना खाली, आणि आहे तेवढा सगळा बॅकलॅश उघडा पडतो. हेड १२ किलोचं असेल तर ७-८ किलोचा भार उचलणारा घ्या, बाकी नटावर राहू दे. किंवा सरळ वजनापेक्षा बराच जास्त लावा, म्हणजे हेड कायम वर दाबलेलं राहील. कटिंगचा जोरही बहुतेक वरच असतो, त्यामुळे ते जास्त बरं. फक्त मोठ्या हेलिक्सचा एंडमिल खाली ओढतो, तेव्हा जरा लक्ष ठेवा.

स्ट्रटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, दहाने भागलं की साधारण किलो.